मागची पायरी

'पुढे' हा शब्द आपल्या भाषेत नेहमीच मानाचा राहिला आहे. मुलगा पुढे गेला, गाव पुढे गेले, असे आपण कौतुकाने म्हणतो. आणि कोणी मागे आला की त्याचे काहीतरी बिनसले असावे, अशी शंका घेतो. संगणकाच्या जगात ही समजूत अधिकच पक्की आहे. संगणकाचे यंत्र आणि आपले कामाचे प्रोग्रॅम यांना एकत्र नांदवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते आणि सर्वांनी ती घ्यावी, अशी अपेक्षा असते. नवी सोडून जुनीकडे परत जाण्याला 'डाउनग्रेड' असे नाव आहे. त्या नावातच पायरी उतरल्याची नामुष्की भरलेली आहे. आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आम्ही ही पायरी जाणूनबुजून उतरलो. त्याची हकीगत वाचकांच्या उपयोगी पडेल, असे वाटते.

माझ्यापूर्वी येथे असलेल्या एका धर्मगुरूंनी गावातील वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्याचे मोठे काम केले होते. पानवेलींचे मळे, रहाटाचे पाणी, मिठागरे, लग्नातील गाणी, पटकीच्या साथीत ओस पडलेली घरे असे नाना विषय त्यात होते. शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी त्या चाळीसेक आठवणी कार्यालयातील संगणकावर त्या काळच्या मराठी प्रोग्रॅममध्ये टंकलिखित केल्या. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आज आमच्या दफनभूमीत विसावले आहेत.

पुढे कोणी तरी चांगल्याच हेतूने त्या संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवली. फाईली जपून ठेवण्यात आल्या होत्या, एकही गहाळ झाली नव्हती. परंतु जुना मराठी प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर चालेना. फाईल उघडावी, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांची रास दिसे. धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत तो संगणक भंगारात द्यावा, असे सुचवण्यात आले. "फाईली पेन ड्राइव्हवर आहेत ना, फादर? मग झालं," असे एका सभासदाने म्हटले. त्यांचे म्हणणे वरवर रास्त होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना द्रव्य आणि आकार हा भेद आम्ही पाठ केला होता. त्याचे इतके रोकडे उदाहरण मला क्वचितच भेटले असेल. द्रव्य सगळे शाबूत होते. आकार मात्र हरपला होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या काळी एका फाँटमध्ये फार तर २५६ खाने असत आणि ते मुळात रोमन लिपीसाठी आखलेले. मराठी फाँट तयार करणाऱ्यांनी त्याच खान्यांत देवनागरीची वळणे बसवली. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच. फाँट त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवी. प्रत्येक निर्मात्याची मांडणीही निराळी असे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःची हक्काची जागा मिळाली. तथापि विंडोजमध्ये ती सोय विंडोज २००० पासून आली आणि घरोघरी रुळायला आणखी बरीच वर्षे गेली. दरम्यान महाराष्ट्रात जे लिहिले गेले, त्यातले पुष्कळसे जुन्या फाँटांतच राहिले.

आमचा प्रोग्रॅम १६ बिटांच्या जमान्यातला होता. असे प्रोग्रॅम ३२ बिटांच्या विंडोजवर चालू शकतात, ६४ बिटांच्या विंडोजवर नाही. शिवाय चोरून नकला होऊ नयेत म्हणून त्याला एक कुलूप दिलेले होते. प्रिंटरच्या जुन्या रुंद खाचेत बसणारा तो बोटभर ठोकळा लावल्याविना प्रोग्रॅम उघडतच नसे. नव्या संगणकांना ती खाचच नसते. म्हणून आमच्यापुढे एकच वाट उरली: तोच जुना संगणक आणि त्याची मूळची ३२ बिटांची प्रणाली.

या मागे जाण्यात काही विपरीत नाही, हे मला विंडोजचा इतिहास पाहिल्यावर अधिक पटले. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली. तिच्यानंतरची व्हिस्टा २००७ च्या जानेवारीत सर्वांसाठी खुली झाली. व्हिस्टाला अधिक स्मृती लागे आणि अनेक जुन्या प्रिंटरांशी तिचे जुळत नसे. कितीतरी लोकांनी आणि कचेऱ्यांनी पुन्हा एक्सपी पसंत केली. विशेष म्हणजे व्हिस्टाच्या बिझनेस व अल्टिमेट या आवृत्त्या घेणाऱ्यांना एक्सपी प्रोफेशनलकडे परतण्याची मुभा परवान्यातच दिलेली होती. ज्याला आपण नामुष्की समजतो, त्याची तेथे 'हक्क' म्हणून नोंद आहे.

हे काम आमच्या गावच्या एका तरुण अभियंत्याने अंगावर घेतले. ६४ बिटांवरून ३२ बिटांवर सरळ उतरता येत नाही. डिस्क पुसून सारे नव्याने बसवावे लागते. म्हणून प्रथम त्याने सर्व फाईलींच्या दोन निरनिराळ्या डिस्कवर प्रती घेतल्या आणि त्या उघडतात की नाही, हे दुसऱ्या संगणकावर तपासले. मूळ प्रणालीची सीडी कपाटात सापडली. परवान्याचा क्रमांक संगणकाच्या कुशीला चिकटवलेल्या कागदावर होता. पुसट झालेली दोन अक्षरे भिंगाने वाचावी लागली. तो कुलपाचा ठोकळा मात्र मास्तरांच्या घरी चष्म्याच्या जुन्या डबीत निघाला. सर्व जोडून झाल्यावर तरुणाने इंटरनेटची तार काढून टाकली. जुन्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झालेल्या असतात. अशा संगणकाला जाळ्याशी जोडणे म्हणजे कडी नसलेल्या घरात दागिने ठेवणे.

फाईल उघडली आणि अक्षरे जागेवर आली. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, चालतंय ना आता? मग कशाला हलवायचं? मी इथंच बसून पुढचं लिहीन."

"मास्तर, ही डिस्क आणखी किती दिवस जाईल, कोण सांगणार?" तरुणाने विचारले.

दोघांचेही म्हणणे खरे होते. एकाला सवयीचे, भरवशाचे साधन परत मिळाले होते. दुसऱ्याला त्या साधनाचे वय दिसत होते. अखेर मी असे ठरवले की, सर्व आठवणी युनिकोडमध्ये येऊन, तपासून, कागदावर उतरेपर्यंत ही प्रणाली ठेवायची. मात्र नवी एक ओळही तिच्यावर लिहायची नाही. मास्तरांना ते रुचले नाही, तरी त्यांनी मानले.

कोणी विचारील, रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, मग मागे जाण्याची गरज काय? गरज तपासणीसाठी होती. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. रफाराचे नेमके उलट. जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे रूपांतरात 'मिठागर' शब्दाची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे आणि 'धर्म' शब्दाचा रफार एक घर सरके. ओळखीचा शब्द असला की चूक लगेच कळते. परंतु या आठवणींत बोलीतले शब्द होते, जमिनींची आणि घराण्यांची नावे होती. ती मुळात कशी लिहिली होती, हे मूळ पान डोळ्यांसमोर असल्याखेरीज कसे कळावे? म्हणून जुन्या संगणकावरून एक प्रत छापली, नव्यावरून दुसरी, आणि मास्तरांनी लाल पेनाने ओळ न् ओळ ताडून पाहिली. ज्या बोलीशब्दांपाशी तरुण अडला, तेथे मास्तरांनी त्याला अर्थ सांगितले. ते अर्थ आता तळटीपा म्हणून संग्रहात आले आहेत.

आमच्या कपाटातील स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या आजही उघडून वाचता येतात. जुनी पुस्तके काळजीपूर्वक जपावीत, असे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये सांगितलेले आहे (कलम ५३५). त्या वह्यांना वाळवी आणि ओल यांपासून राखले की पुरते. संगणकातील मजकुराला तेवढ्याने भागत नाही. तो वाचणारा प्रोग्रॅम, प्रोग्रॅमला चालवणारी प्रणाली आणि प्रणालीला पेलणारे यंत्र ही साखळी अखंड राहावी लागते. तिची एक कडी बदलली की जतन केलेली वस्तू मुकी होते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून अनेक घरांत जुने संगणक बदलण्याचा विचार चालला असेल. तो योग्यच आहे. मात्र संगणक देऊन टाकण्यापूर्वी त्यात काय आहे ते पाहावे. वडिलांनी लिहिलेली पत्रे, मंडळाचे वृत्तांत, नाटुकल्यांच्या संहिता यांची नुसती प्रत घेऊन थांबू नये. ती नव्या यंत्रावर उघडावी आणि चार ओळी वाचून पाहाव्यात. वाचता आल्या नाहीत, तर जुने यंत्र काही महिने ठेवावे आणि जाणत्याला बोलवावे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, ज्यांनी तो मजकूर लिहिला ते हयात असतील, तर त्यांना शेजारी बसवावे. यंत्र पुन्हा जुन्या प्रणालीवर आणता येते. एखाद्या पुसट शब्दाचा अर्थ सांगणारा माणूस गेला, तर त्याला परत आणण्याची युक्ती कोणत्याही अभियंत्याजवळ नाही.