शेवाळाखाली काय दडलंय?



आज थोडं वेगळं लिहितेय. विषय माझ्या बोन्सायचा आहे, पण शेवटी तो वर्गातच येऊन पोहोचतो. तेव्हा शेवटपर्यंत नक्की वाचा.

पाच वर्षांपूर्वी मी नर्सरीतून चायनीज एल्मचं एक छोटं झाड आणलं. उल्मस पार्व्हिफोलिया हे त्याचं शास्त्रीय नाव. मूळचं चीन, जपान, कोरियाकडचं. आपल्या रानातला वावळा याच कुळातला. दोघांच्याही बिया चपट्या, पंखवाल्या असतात. एल्मची पानं लहान, खोड नागमोडी. मला ते इतकं आवडलं, की मी ते वर्गाच्या खिडकीत ठेवलं.

बोन्सायमध्ये बुंध्याशी पसरलेल्या मुळांना जपानी भाषेत ‘नेबारी’ म्हणतात. मुळं सगळ्या बाजूंनी, चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली असली की छोटं झाडसुद्धा जुनं आणि भक्कम दिसतं. माझ्या झाडाला डाव्या बाजूला दोन जाड मुळं होती, एक मूळ खोडाभोवती वळसा घालून बसलेलं होतं आणि उजवीकडे काहीच नव्हतं. मी काय केलं? मातीवर छान हिरवं शेवाळ पसरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

एक दिवस तिसरीतल्या एका मुलीनं बोटानं शेवाळ उचललं आणि म्हणाली, “बाई, या बाजूला मुळंच नाहीत! मग हे पडत कसं नाही?”

मी हसले, पण घरी जाईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याच आठवड्यात शाळेची पाहणी झाली होती आणि वाचन न येणाऱ्या एका मुलाला मी मुद्दाम मागच्या बाकावर बसवलं होतं. कविता त्याच्या तोंडपाठ. पुस्तक हातात धरून तो घडाघडा म्हणायचा, पण बोट भलत्याच ओळीवर. हे मला माहीत होतं. तेही शेवाळच होतं.

फेब्रुवारीत, नवी पालवी फुटायच्या तोंडावर, मी झाड कुंडीतून काढलं. लाकडी काडीनं माती मोकळी केली. उत्साहाच्या भरात वळसा घातलेलं मूळ, खाली जाणारं जाड मूळ आणि डावीकडचं एक मूळ, सगळं एकाच दिवशी कापलं. पंधरा दिवसांत डावीकडची वरची फांदी वाळून गेली. ज्या मुळांवर ती जगत होती, तीच मी तोडली होती.

आणि खरं सांगते, त्या मुलाच्या बाबतीतही मी हेच केलं. मधली सुट्टी, खेळाचा तास, गोष्टींचा तास, सगळं बंद करून त्याला मुळाक्षरं गिरवायला बसवलं. तो गोष्टी इतक्या रंगवून सांगायचा, की सगळा वर्ग गप्प बसायचा. महिनाभरात त्याचं शाळेत येणंच कमी झालं. एकदा घरी गेले, तर त्याची आई म्हणाली, “मॅडम, त्याचं पोट दुखतंय म्हणतो रोज सकाळी.” मला काय बोलावं ते सुचेना.

मग दोन्हीकडे दमानं घ्यायचं ठरवलं.

झाड सावलीत ठेवलं, महिनाभर खत दिलं नाही. कापलेल्या मुळांचे तुकडे फेकले नव्हते, ते वाळूत रोवले होते, वरचं टोक जरासं बाहेर ठेवून. एल्मच्या मुळांच्या तुकड्यांनाही कोंब फुटतात. वर्षभरात त्यांची बारीक रोपं झाली. पुढच्या फेब्रुवारीत बुंध्याच्या रिकाम्या बाजूला दोन खाचा पाडल्या. रोपाच्या बुडाशी थोडी साल काढली, सालीखालचा हिरवा थर खाचेतल्या थराला टेकवला, बारीक खिळ्यानं घट्ट बसवलं आणि वर माती घातली. विटांचा चुरा, जाड वाळू आणि पालापाचोळ्याचं खत, सगळं चाळून घेतलं होतं. खाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेवला, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी पसरतात.

वर्गात त्या मुलाचा गोष्टींचा तास परत दिला. तो सांगायचा, मी त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचे. मग तोच कागद त्याला वाचायला द्यायचा. गोष्ट त्याची, शब्द त्याचे, म्हणून पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असायचं. हळूहळू बोट बरोबर शब्दावर पडू लागलं. जोडाक्षरांना मात्र पुढचं अख्खं वर्ष लागलं. पुढच्या पाहणीला तो पहिल्या बाकावर होता. अडखळत वाचला. मी नोंदही तशीच केली, ‘अडखळत वाचतो’.

आता तो पाचवीत, दुसऱ्या शाळेत आहे. अजून ओळीखाली बोट ठेवूनच वाचतो, पण वाचतो. झाडाची दोन्ही कलमं जुळली आहेत. ती मुळं अजून बारीक आहेत, डावीकडच्या मुळांइतकी जाड व्हायला बरीच वर्षं लागतील. वाळलेल्या फांदीची जागा मात्र रिकामीच राहिली.

मित्रांनो, निपुण भारतच्या तक्त्यात खूण करणं सोपं आहे. पण त्याआधी आपल्या वर्गातलं शेवाळ एकदा उचलून बघूया. आणि खाली जे दिसेल, ते एका दिवसात कापायला जाऊ नका. ती चूक मी केली आहे.

माझ्या कुंडीत आता शेवाळ नाही. मुलं येता-जाता वाकून मुळं मोजतात.