गच्चीवरचा टप

आमच्या वाड्याच्या गच्चीवर एका मोटारीचा टप असायचा. मोटार खाली बोळात उभी आणि टप वर. एप्रिल लागला की काकू त्यावर जुनं, स्वच्छ धुतलेलं धोतर पसरायची आणि पोह्याचे पापड घालायची. चटईवरच्या पापडांना दोन उन्हं लागायची, टपावरचे एका उन्हात खडखडीत व्हायचे. चार कोपऱ्यांना विटा लावून तो उंच केलेला होता, त्यामुळे खाली आम्हाला बसता यायचं. मागची काच टपातच बसवलेली होती. त्या काचेतून पर्वती दिसायची. आम्ही आठ चुलत-सख्ख्या भावंडांनी कितीतरी सुट्ट्या त्या टपाखाली काढल्या. आज आठही जण साठीच्या अल्याडपल्याड आहोत. एकत्र जमलो की बोलणं कुठूनही निघो, निळीवर आल्याशिवाय राहत नाही.

निळी म्हणजे १९६४ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड.

तेव्हा घरात मोटार घ्यायची म्हटली की तीन नावं निघायची. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची हेराल्ड. अँबॅसडर सरकारी साहेबांची, फियाट डॉक्टर-वकिलांची. हेराल्ड कुणाची, हे मात्र कुणालाच नीट सांगता यायचं नाही. बापूकाकांनी १९६६ साली फियाटसाठी नाव नोंदवलं होतं आणि १९७४ साल उजाडलं तरी नंबर लागला नव्हता. हे आजच्या मुलांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. आमच्या गल्लीत तरी नोंदणीची पावती हा सोन्यासारखा जपायचा कागद होता. काकांची पावती देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली असे.

बापूकाका भावंडांत थोरले. आजोबा लवकर गेले, तेव्हा शिक्षण सोडून ते पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. दोन भावांची शिक्षणं, आत्याचं लग्न, वाड्याची कौलं, सगळं त्यांच्या पगारातून झालं. स्वतःसाठी त्यांनी काही घेतल्याचं आम्हाला आठवत नाही. त्यांच्या ड्रॉइंगच्या पेटीत मात्र जुन्या बाजारात मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातलं चित्र होतं, ट्रायम्फ स्पिटफायरचं. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची गाडी. त्या चित्रावर पेन्सिल न टेकवता, हवेतच ते तिची रेषा बोटानं काढून दाखवायचे. "ही बघ, दिव्यापासून निघाली की शेपटापर्यंत कुठे तुटत नाही."

स्पिटफायर हिंदुस्थानात मिळणारी नव्हती, पण तिची सख्खी थोरली बहीण मिळत होती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही गाड्यांची रेषा तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या एकाच माणसाच्या हातची. हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात आली, आणि तिचीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर केली. स्टँडर्ड कंपनीनं मद्रासला १९६१ पासून हेराल्ड बांधायला घेतली. पुढे साठीच्या दशकाच्या शेवटी तिला चार दारं केली. ते कुटुंबांच्या सोयीचं होतं, पण काकांच्या मते रेषा तिथे मोडली. मलाही आता तसंच वाटतं.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, पेट्रोल भडकलं, आणि ज्यांच्या दारात हौसेच्या गाड्या होत्या त्यांनी त्या विकायला काढल्या. पुणे कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांची हेराल्ड विकाऊ आहे असं काकांना कळलं. घरात बैठक झाली. माझे वडील म्हणाले, "दादा, आणखी वर्षभर थांबू. फियाटला मागं दारं आहेत, आईला चढायला सोपं." आजी इतका वेळ वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "बापू, तुला कुठली आवडते?" काका म्हणाले, "आई, हेराल्ड." "मग तीच आण. माझ्या चढण्याचं मी बघेन."

गाडी बघायला काका आम्हा तिघा मोठ्या मुलांना घेऊन गेले. जुनी गाडी कशी बघावी, हे मी त्या सकाळी शिकले. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि मडगार्डांवरून, दारांच्या खालच्या कडेवरून सावकाश फिरवलं. जिथे चिकटलं नाही तिथे आत पत्र्याऐवजी लांबी भरलेली. अशी एकच जागा निघाली. मग शर्ट काढून, बनियनवर ते गाडीखाली शिरले आणि चासीला दोन्ही बाजूंना फुटलेले हात स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघितले. "वरचा गंज दिसतो, त्याचं काही नाही. गाडी खालून जाते," ते खालूनच म्हणाले. मग पुढच्या चाकांमागचे दोन खटके उघडले, आणि मडगार्डांसकट गाडीचं सगळं नाक पुढच्या बाजूला उलटं झालं. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. इंजिन, चाकं, स्टेअरिंगचा दांडा, सगळं समोर मोकळं. पुढे कित्येक रविवारी त्याच चाकावर बसून आम्ही काकांना पान्हे दिले.

सात हजाराला सौदा झाला. पारशीबाबांनी किल्ली देताना बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला पावसात उभी नको करू, दीकरा." दारात आजीनं निळीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला. मग पुढची सीट दुमडून, नऊवारीचा काष्टा सावरत ती मागे जाऊन बसली. कुणाचा हात धरला नाही.

काकांनी टप काढला तो पुढच्या दिवाळीत. कापला नाही, काढला. हेराल्डमध्येच ती सोय होती आणि तिच्यामागे एक गोष्ट होती, ती आम्हाला तोंडपाठ आहे. इंग्लंडात ज्या कारखान्याकडून सलग बॉडी करून घ्यायची, तो प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला होता. म्हणून खाली वेगळी भक्कम चासी ठेवली आणि बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी करून बोल्टांनी जोडले. टपही बोल्टांनीच बसवलेला. काचेच्या वरच्या कडेचे बोल्ट आणि मागच्या सीटच्या पाठीशी असलेले बोल्ट सोडले की तो उचलता येतो. चार पुरुषांनी तो उचलला, जिन्यातून मावेना, तेव्हा दोरांनी गच्चीवर ओढून घेतला. खाली उरली ती गाडी बघून काका काही बोलले नाहीत. बोळाच्या तोंडाशी जाऊन लांबून बराच वेळ बघत उभे राहिले.

पावसासाठी कापडी हूड शिवून दिलं ते टांग्यांचे टप शिवणाऱ्या एका कारागिरानं. पुण्यात तेव्हा टांगे होते आणि असे कारागीरही होते. लोखंडी कमानी, वर काळं मेणकापड, कडेला पितळी बटणं.

तिच्या एका गुणावर सगळी गल्ली खूश होती. वाड्यापुढच्या चौकात फियाट वळवायची तर पुढे-मागे करावी लागे. निळीची पुढची चाकं इतकी तिरपी व्हायची की पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती एका दमात फिरे. दुकानदार बघत राहायचे. तिचा गिअरचा दांडा जमिनीतून आलेला होता. फियाट-अँबॅसडरमध्ये तो स्टेअरिंगला असे. आम्हाला दोन्ही गाड्यांतला सगळा फरक त्या दांड्यात दिसायचा. जॅकवर घेतली की तिची मागची चाकं पाय दुमडल्यासारखी आत झुकायची. त्यावरून काकांनी शिकवलं होतं की वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, वळणात अचानक पाय काढायचा नाही. मी आणि माझी चुलत बहीण १९७९ साली निळीवर गाडी चालवायला शिकलो. पण आमच्या आधी काकांनी काकूला शिकवलं होतं. वाड्यातली गाडी चालवणारी पहिली बाई ती.

घाटाची आठवण तर प्रत्येक जण आपापली सांगतो. माझी १९७६ च्या मे महिन्यातली, मुंबईहून परतताना. खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलो तेव्हा दुपार झाली होती. शिंगरोबाच्या देवळाशी काकांनी गाडी हळू केली आणि आत्यानं नाणं टाकलं. ज्या धनगरानं घाटाची वाट दाखवली म्हणतात, त्याच्यापुढे नाणं टाकल्याशिवाय कुणी वर जात नसे. तिथून दोन वळणं पुढे गेलो आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. पेट्रोल नळीतच उकळून वाफ झाली होती. काकांनी नाक उलटं केलं, पंचा पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळला आणि आम्हाला दरीकडच्या कठड्यावर बसवून भडंग दिलं. पंधरा मिनिटांनी ९४८ सीसीचं ते इंजिन पहिल्या हिसक्याला लागलं. अमृतांजन पुलाखालून गेलो तेव्हा डोक्यावर छप्पर नसल्यामुळे त्याचे दगड एकेक करून दिसले. १८३० सालचा तो पूल २०२० मध्ये पाडला. आम्ही तो खालून, मान वर करून पाहिला होता. खंडाळ्याला वळीव आला. हूड चढवेपर्यंत सगळे भिजले, आणि आजीनं ओल्या पदरानं आमची डोकी पुसली.

पुढचं पटकन सांगते. चार दारांच्या हेराल्डनंतर कंपनीनं गझेल काढली, तीही १९७७ च्या सुमारास बंद झाली. सुटे भाग बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शोधावे लागत. एकदा एका मिस्त्रीनं पुढच्या चाकाच्या ट्रनियनमध्ये ऑइलऐवजी ग्रीस भरलं, आणि वर्षभरात तो सांधा तुटून चाक आडवं झालं. सुदैवानं गाडी बोळातच होती. तेव्हापासून ते काम काका दर दिवाळीला स्वतः करत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. दोन वर्षांनी माझ्या वडिलांनी ती घेतली. चार दारं, छप्पर, किल्ली फिरवली की सुरू. काकांचे गुडघे गेले होते, क्लच दाबवत नव्हता. १९८६ साली त्यांनी निळी साताऱ्याच्या एका शिक्षकांना दिली. त्यांना ती उघडीच हवी होती, म्हणून टांग्याचं हूड गेलं आणि टप राहिला.

काका १९९३ साली गेले. गेल्या वर्षी मी न्यू जर्सीला भाच्याकडे गेले होते. त्यानं जुनी माझदा मियाटा घेतली आहे. दोन माणसांची, उघडी, दिवे झाकणीतून वर येणारी. १९८९ साली माझदानं ती काढली ती अशाच इंग्रजी गाड्यांच्या ओढीनं, आणि जगभर लाखो लोकांनी ती घेतली. भाचा म्हणाला, "मावशी, लहान गाडी, मागे जागाच नाही, घरचे म्हणतात कशाला घेतलीस." मी त्याला म्हटलं, "घेतलीस ते बरं केलंस." तो घेऊन निघाला, वारा तोंडावर आला, आणि मला ड्रॉइंगची पेटी, ते चित्र आणि हवेत रेषा काढणारं बोट आठवलं. परत येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलू शकले नाही.

वाडा पडला तेव्हा टप आम्ही मुळशीजवळच्या धाकट्या भावाच्या शेतावर नेला. तिथे तो अजून आहे. आतल्या बाजूला पापडखाराचे पांढरे डाग आहेत, एका कोपऱ्यात गंज आहे, पण लोहचुंबक लावून बघितलं, पत्रा शाबूत आहे. मागची काच धड आहे. सगळे बोल्ट काकांनी बोर्नव्हिटाच्या डब्यात, तेलात बुडवून ठेवले होते. डब्यावर त्यांच्या ड्रॉइंगच्या अक्षरात 'हेराल्ड – टप' असं लिहिलेलं आहे. सातारचे ते शिक्षक आता नाहीत आणि निळी पुढे कुणाकडे गेली ते आम्हाला शोधून सापडलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या दारात, गोठ्यात, गॅरेजात दोन दारांची हेराल्ड छपराविना उभी असेल, निळी असो वा नसो, तर त्यांनी हा टप घेऊन जावा. पैसे नकोत. उचलायला चार माणसं आणा, आणि पुढच्या ट्रनियनला ऑइल घाला, ग्रीस नाही.