आवळ्याच्या फाका

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे लेकीने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सत्रातले कॅलक्युलस माझ्यापुढे आपटले आणि "बाबा, मी कॉलेज सोडते," म्हणून सांगितले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. कादंबरीतल्या मुलींची समजूत घालणे सोपे; त्या आपल्या लेखणीच्या असतात!

पानभर लांबट, वाकडी चिन्हे होती. ती संकलनाची, असे कळले. मी म्हटले, "कॉलेजचे उद्या बघू. गोलाचे पृष्ठफळ चार पाय आर वर्ग, हे मी शाळेत घोकले. त्यातला चार कोठून आला, तेवढे सांग."

ती गप्प झाली. मग तिने सोप्यापासून आरंभ केला. आमचे महाळुंगे २०२१ साली पुणे महापालिकेत गेले, शेतांवर उंच इमारती आल्या. पण मुळेच्या काठचे शेत तिने लहानपणी पाहिलेले. तीन बांध सरळ, चौथा नदीबरोबर वळलेला. ते मोजायचे कसे? अरुंद पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टी आयत धरून बेरीज करायची. पट्ट्या बारीक होत जातील तशी बेरीज ज्या आकड्याकडे सरकते, ते क्षेत्रफळ.

"संकलन म्हणतात ते एवढेच?"

"एवढेच," ती म्हणाली आणि स्वतःच चपापली.

स्वयंपाकघरात मोरावळ्याचे आवळे उकडत होते. त्यावरून मला भास्कराचार्य आठवले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला; त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. म्हणजे असल्या गणितापुढे डोके धरून बसणारी पोरे तेव्हाही असणारच! ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृष्ठफळ समजावताना आचार्यांनी आवळाच घेतला आहे. आवळ्यावर असतात तशा रेषा गोलावर आखाव्या, एका फाकेचे फळ पट्ट्यापट्ट्यांनी काढावे आणि फाकांच्या संख्येने गुणावे. उत्तर येते परीघ गुणिले व्यास. एक दोन परिघातला, दुसरा व्यासातला, झाला चार! इतकी वर्षे मी तो नुसताच वाहत होतो.

सौभाग्यवतींनी वाटीत एक आवळा आणून दिला. बोट लावताच त्याच्या फाका सुटल्या. लेकीने एक उचलून कागदाशी धरली नि आपल्या रीतीने संकलन मांडले. चार पाय आर वर्गच आले.

दुपारी अडलेले उदाहरण मात्र त्या रात्रीही सुटले नाही. अकराला मी दिवा मालवायला गेलो, तर म्हणाली, "थांबा बाबा, पट्टी आडवी घेऊन बघते."