लांब आहे हो!

पुणेकराच्या परदेशप्रवासातला सर्वांत अवघड टप्पा कोणता, असं विचारलं तर जाणकार माणूस अटलांटिक महासागराचं नाव घेणार नाही. तो बोरघाट म्हणेल. दुबईचं विमान साडेतीन तासांचं. पण ते मुंबईहून पकडायला आपण घरातून दहा तास आधी निघणार. त्यातले चार तास प्रवासाचे, तीन विमानतळावरचे आणि उरलेले तीन घाटात टँकर उलटला तर असावेत म्हणून. एक्स्प्रेस-वे 2002 साली पूर्ण झाला, तरी हे टँकरचे तीन तास कुणी कमी केले नाहीत. जाणारा एक, पोचवायला जाणारे सहा आणि खालापूरला खाल्लेले बटाटेवडे मोजदादीपलीकडचे.

अशा या गावात नोव्हेंबर 2024 मध्ये बातमी आली, की इंडिगोनं पुण्याहून दुबईला आणि बँकॉकला थेट विमानं सुरू केली. नोव्हेंबर हा आमच्या बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. आता हा दाखला मोबाइलवरून घरबसल्याही देता येतो. पण काउंटरवरच्या कारकुनाच्या डोळ्यांत डोळे घालून ‘अजून आहे बरं का!’ असं बजावण्यात जी मजा आहे, ती मोबाइलमध्ये कुठली? त्यामुळे रांग होती, रांगेत पेन्शनर होते आणि विषय आयता मिळाला होता.

आनंद झाला तरी तो लगेच दाखवणं आमच्या रीतीत बसत नाही. पहिली प्रतिक्रिया चष्मा पुसत आली, “सुरू केली म्हणतात. टिकतील तेव्हा खरं.”

या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. लुफ्तान्सानं 2008 साली पुणे-फ्रँकफर्ट विमान सुरू केलं, तेव्हा ‘युरोप आता हाकेच्या अंतरावर’ असं वाटून कित्येकांनी लोकरीचे स्वेटर उन्हात टाकले होते. पण विमानाला गिऱ्हाईक हवं होतं चाकणच्या मोटारकारखान्यांत ये-जा करणारं. आपले स्वेटर पुन्हा डांबराच्या गोळ्यांत गेले आणि पुढं ते विमानही बंद पडलं. डिसेंबर 2022 मध्ये विस्तारानं सिंगापूरचं विमान सुरू केलं, तर दोन वर्षांच्या आत ती कंपनीच एअर इंडियात विलीन झाली. विलीनीकरण म्हणजे काय, ते आम्हा बँकवाल्यांना विचारा. पाटी बदलते, रांग तीच राहते.

“बँकॉकला बुद्धाची मंदिरं फार सुंदर आहेत म्हणे,” एक गृहस्थ उगाचच छताकडे बघत म्हणाले.

“आधी कार्ल्याची लेणी बघू,” मागून पत्नीचा आवाज आला. एका घरापुरता हा मार्ग सुरू होण्याआधीच रद्द झाला.

तिसऱ्यांचा मुलगा सॅन होजेला. “दुबईला आमचं कोण आहे? अमेरिकेला थेट केव्हा?” हा प्रश्न त्यांनी मला अशा आवाजात विचारला, की जणू विमानाची फाईल माझ्याच टेबलावर अडकली आहे. उत्तर एका निवृत्त इंजिनिअरांनी दिलं. लोहगावची धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची. अमेरिकेपर्यंतचं इंधन पोटात घेतलेल्या अजस्र विमानाला उड्डाणासाठी तेवढी जागा पुरायची नाही. बरं, जागा मागावी, तर ती आपली कुठं आहे? इंग्रजांनी 1939 साली मुंबईच्या रक्षणासाठी हा तळ उभारला. आज मालक भारतीय हवाई दल. प्रवासी विमानं म्हणजे वाड्यात मागच्या बाजूला राहणारे भाडेकरू. भाडेकरूनं 2024 साली नवं टर्मिनल बांधलं, म्हणजे खोलीला फरशी बसवली, रंग दिला. पण अंगण मालकाचंच! मालकाची सुखोई फेरफटका मारायला निघाली, की भाडेकरूनं उंबऱ्याशी थांबायचं. पुरंदरला स्वतःचं घर बांधण्याची बोलणी 2016 सालापासून ऐकतो आहोत. वाड्यात जन्म गेलेल्या सगळ्या रांगेला हे तत्काळ पटलं.

तसं पाहिलं तर थेट उड्डाणाची खरी परंपरा आमचीच. लोहगाव हे तुकोबारायांचं आजोळ. विमानतळाला त्यांचं नाव देण्याचा ठराव राज्य सरकारनं 2024 साली केला. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, ते विमानातूनच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ना धावपट्टी, ना व्हिसा, ना वाटेत मुंबई.

एवढा ऊहापोह चालला असताना एक आजी मात्र गप्प होत्या. कोथरूडला राहणाऱ्या या आजी-आजोबांची मुलगी खरोखरच दुबईला असते. रांगेला ते कळल्यावर एकच गलका झाला. “मग तुमची चैन आहे! कोल्हापूरला एस्टीनं पोचायला याहून जास्त वेळ लागतो!”

आजी हसल्या; पण ते हसू पूर्ण उमटलं नाही. ते काउंटरच्या अलीकडून मला दिसलं. दरवर्षी दाखला घेताना मी विचारतो, “ताई येऊन गेल्या का?” आणि दरवर्षी आजी म्हणतात, “लांब आहे हो! कशी येणार?” दिवाळी गेली, तरी लांब. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी लांब. हे ‘लांब’ फार मायाळू होतं. त्यात मुलीची नोकरी, नातवंडांच्या शाळा, जावयांचा स्वभाव आणि आजींचा अभिमान, सगळं दडून राहायचं. दोष कुणाचाच नसायचा, समुद्राचा असायचा. आणि आता कुणीतरी येऊन वेळापत्रकात छापून टाकलं, की ती साडेतीन तासांवर आहे.

अंतर कमी करणाऱ्यांना हे कोण सांगणार, की काही घरं त्या अंतराच्याच आधारानं उभी असतात?

मी दाखल्यावर शिक्का मारला आणि यंदा विचारावं की नाही, या विचारात पडलो. आजोबा खिशात पेन चाचपत होते. आजींनीच मला सोडवलं.

“विमान थेट आहे, ते खरं,” त्या म्हणाल्या. “पण उतरणार लोहगावला. लोहगावहून कोथरूडला यायचं म्हणजे काय ट्रॅफिक असतो, माहीत आहे ना तुम्हाला? पोरांना घेऊन, सामान घेऊन… लांब आहे हो!”

सगळ्या रांगेनं मान डोलावली. माझीही डोलली.