छपराला भोक न पाडता

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात दसरा उलटला की ओक ट्री रोडवरच्या दुकानांत पणत्या, रांगोळीचे रंग आणि आकाशकंदील येतात आणि घरांच्या वळचणींना माळा चढायला लागतात. दिवाळी संपते, माळा मात्र उतरत नाहीत. थँक्सगिव्हिंग होतं, शेजारपाजारी नाताळचे दिवे लागतात आणि आपलं घरही त्यांच्याबरोबर जानेवारीपर्यंत उजळलेलं राहतं. मला हे मनापासून आवडतं. याच गावातल्या मेन्लो पार्क भागात १८७९ सालच्या ३१ डिसेंबरला थॉमस एडिसनने आपली प्रयोगशाळा आणि आसपासचा परिसर विजेच्या दिव्यांनी उजळून दाखवला होता, आणि ते बघायला माणसं आगगाडीने आली होती. तीन वर्षांनी, १८८२च्या नाताळात, त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या आपल्या घरातलं ख्रिसमसचं झाड ८० रंगीत दिव्यांनी सजवलं. तेव्हा रोषणाईचा मान न्यू जर्सीतल्या घरांनी राखायलाच हवा. माझं मागणं एवढंच आहे, की दिवे टांगा, ठोकू नका.

मी घरांची तपासणी करतो. घर विकत घेणारे व्यवहार पक्का होण्याआधी मला बोलावतात आणि मी तळघरापासून आढ्यापर्यंत सगळं पाहून अहवाल देतो. वसंत ऋतूत, घरविक्रीचा हंगाम सुरू झाला की छपरांवर मागच्या हिवाळ्यातल्या रोषणाईच्या खुणा सापडायला लागतात.

इथल्या बहुतेक घरांवर डांबरी शिंगल्स असतात. फायबरग्लासची पातळ चटई, तिला डांबराचा थर आणि वर दगडाचे बारीक रंगीत दाणे. हे दाणे शोभेपुरते नाहीत. उन्हापासून डांबराचं रक्षण तेच करतात. कोकणातल्या कौलांसारखी वरची ओळ खालच्या ओळीवर चढलेली असते आणि खालच्या ओळीचे खिळे तिच्याखाली झाकले जातात. शिवाय शिंगल्सना डांबराची एक चिकट पट्टी असते. उन्हाने ती मऊ होते आणि दोन ओळी एकमेकींना धरून ठेवते, म्हणून वादळात छप्पर उचकटत नाही. नीट घातलेल्या छपराच्या उतारावर उघडा खिळा दिसत नाही. माळ अडकवायला तुम्ही ठोकलेला खिळा मात्र उघडाच राहतो.

‘एवढ्याशा खिळ्याने काय होतंय हो?’ असं एका घरी मालकांच्या वडिलांनी मला विचारलं. पुण्याहून दिवाळीला आले होते. त्यांना मी फोनवर एक फोटो दाखवला. माळ्यावरून काढलेला, आढ्याजवळचा. प्लायवूडमधून खाली आलेलं खिळ्याचं गंजलेलं टोक, त्याभोवती पंजाएवढा काळा डाग. त्या डागावर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर जोर न लावता आत जात होता. ‘काका, हे पाणी घरात कधी टपकलंच नाही,’ मी म्हटलं. ‘लाकडानेच पिऊन टाकलं.’ ते बराच वेळ फोटो मोठा करून पाहत राहिले, मग मुलाला म्हणाले, ‘हातोडी आत ठेव.’

स्टेपलगनचं दुखणं वेगळं. ती लाकडाबरोबर वायरही चिमटते. वरचं प्लास्टिक दबतं, फाटतं आणि पहिल्या पावसात ब्रेकर पडतो. ब्रेकर पडला तर नशीबच म्हणायचं.

मग माळ लावायची कशाला? पन्हळीला. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकच्या क्लिपा स्वस्तात मिळतात. त्या पन्हळीच्या बाहेरच्या ओठावर बसतात आणि त्यांच्या आकड्यात दिवा किंवा वायर अडकते. याच क्लिपा शिंगलच्या कडेखाली सरकवता येतात असं पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे, पण पन्हळ असताना मी तसं करू देत नाही. चिकटलेली शिंगल उचलली की ती पट्टी सुटते. थंडीत डांबर कडक होतं, तेव्हा शिंगल वाकवताना तडकू शकते, आणि सुटलेली पट्टी पुन्हा ऊन तापेपर्यंत चिकटत नाही. म्हणजे ऐन वादळी हिवाळ्यात ती कड मोकळी.

दिवाळीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी नाताळवाल्यांना सहसा सांगावी लागत नाही. आपल्या माळा चढतात तेव्हा मेपल आणि ओकची पानं अजून झाडावरच असतात. ती नंतर गळतात आणि पन्हळीत साठतात. वायर पन्हळीच्या आत पडलेली असेल तर पानं तिच्यात अडकतात आणि माळ काढल्याशिवाय सफाई होत नाही, म्हणून ती राहूनच जाते. तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी गोठतं. त्यात माळ्यावरच्या उबेने छपरावरचं बर्फ खालून वितळत असेल, तर ते पाणी वळचणीशी येऊन पुन्हा गोठतं, बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे अडलेलं पाणी शिंगल्सखाली शिरतं. तेव्हा वायर पन्हळीच्या बाहेर ठेवा, आणि शेवटची पानं गळली की पन्हळ साफ करून घ्या.

आकाशकंदील पन्हळीला लटकवू नये. वारा भरला की तो हिसके देतो आणि पन्हळीचे स्क्रू फळीतून ढिले होतात. पोर्चच्या छतातल्या लाकडी तुळईत आकडा फिरवून तिथे टांगावा. पोर्चखाली तो भिजतही नाही.

शिडीबद्दल थोडक्यात. वळचण १६ फुटांवर असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून ४ फूट दूर हवा आणि वरचं टोक वळचणीच्या ३ फूट वर. शिडी पन्हळीवर टेकवली तर पन्हळ चेपते. त्यासाठी भिंतीवर टेकणारे आडवे हात मिळतात, ते लावावेत. खांबावरून घरात येणारी विजेची तार १० फुटांच्या आत असेल, तर त्या बाजूला रोषणाई करू नये.

विजेचं गणित सोपं आहे. जुन्या मोठ्या काचेच्या दिव्यांपैकी एक दिवा ७ वॉट खातो. २५ दिव्यांची माळ १७५ वॉट. इथल्या १२० व्होल्टच्या, १५ अँपिअरच्या सर्किटवर तासन्‌तास चालणारा भार १४४० वॉटच्या आत ठेवायचा, म्हणजे अशा आठच माळा, आणि त्याच सर्किटवर दुसरं काहीही नको. एलईडीला यातला अगदी थोडा भाग लागतो. बाहेरचा प्लग जीएफसीआयचाच हवा. साधारण ५ मिलिअँपिअर वीज वाट चुकून जमिनीकडे वळली की तो क्षणात पुरवठा तोडतो. बर्कलीच्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ साली शोधलेल्या या उपकरणाने असंख्य जीव वाचवले आहेत. तो पडला की ‘हा सारखा त्रास देतो’ म्हणून आतल्या साध्या प्लगमधून वायर खिडकीतून बाहेर काढणारी घरं मी पाहतो, तेव्हा जीव घाबरा होतो.

मुंबईच्या लोहार चाळीतून बॅगेत भरून आणलेल्या माळा २३० व्होल्टच्या असतात. इथे त्या मंद जळतात किंवा जळतच नाहीत. ट्रान्सफॉर्मर जोडून त्या बाहेर पावसात लावू नका, कितीही आवडत्या असल्या तरी.

आणि माळा वेळेवर उतरवा. अमेरिकेच्या विद्युत संहितेत सणाच्या तात्पुरत्या रोषणाईला ९० दिवसांची मर्यादा आहे. दिवाळी ऑक्टोबरअखेर आली तर नाताळ धरूनही आपण तिच्यात आरामात बसतो. पन्हळीत बर्फ असताना माळ ओढू नका. क्लिप निघण्याऐवजी पन्हळ वाकते. बर्फ वितळलेला कोरडा दिवस पाहून एकेक क्लिप हाताने सोडवा. गुंडाळताना वायर बोटांमधून सरकवत न्या, चीर लगेच कळते. प्लगच्या पात्यांपाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर ती माळ कापून टाकून द्या, कोणाला देऊ नका.