डिकी एवढीशी, दिवाळसण एवढा!

टू-सीटर घेतलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा काय विचारतात, माहितेय? अ‍ॅव्हरेज? टॉप स्पीड? छे! आमच्या संत तुकाराम नगरमध्ये पहिला प्रश्न आला तो आईचा. ‘‘आणि आम्ही कुठे बसायचं?’’ दुसरा बायकोचा. ‘‘आणि बॅगा?’’

आईच्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. बायकोच्या प्रश्नाला आहे, असा माझा समज होता.

गाडी सेकंडहॅण्ड. २००९ साली आलेल्या पिढीतली बीएमडब्ल्यू झेड-फोर. बटण दाबलं की साधारण २० सेकंदांत छत दुमडून डिकीत गुडुप! एकदम सही मामला. किंमत? ती आईला अजून सांगितलेली नाही, तेव्हा इथेही नको. बाबांना मात्र कळली. तीस वर्षं टेल्कोच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस. गाडी म्हणजे चार माणसं आणि त्यांचं सामान, हा त्यांचा साधा हिशोब. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, ‘‘पॅनेल गॅप चांगले आहेत,’’ म्हणाले आणि वर निघून गेले. त्यानंतर तीन महिने ते गाडीत बसले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

आणि आला दिवाळसण. पहिला. कोल्हापूरला!

जावई पहिल्या दिवाळीला सासुरवाडीत शिरणार तर छत उघडूनच, हा माझा फंडा. बायकोची यादी वेगळी. तीन भारी साड्या, माझा कुर्ता, सासरच्यांची गिफ्ट्स, आईच्या फराळाचे दोन डबे. एरवी हे सगळं दोन ट्रॉली बॅगांत मावलं असतं. पण इथेच तर गोची होती. छत वर असताना या डिकीत ३१० लिटर जागा असते. छत खाली घेतलं की उरते १८०! डिकीत एक आडवी फळी असते, ती खाली लावली तरच छत उघडतं. म्हणजे सामान त्या फळीच्या खालीच मावलं पाहिजे. आमच्या लग्नातली ट्रॉली बॅग काही केल्या तिथे जाईना. आडवी, उभी, तिरकी... चाकं नडायची नाहीतर हॅण्डल.

रविवारी पार्किंगमध्ये ही झटापट चालली होती. बाबा दूध घेऊन परत येत होते. थांबले.

‘‘१८० लिटर आहे हो बाबा, मग मावत का नाही?’’

‘‘लिटर कसं मोजतात?’’

मी मोबाइलवर शोधलं. जर्मन पद्धतीत २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात. एक ठोकळा म्हणजे एक लिटर. कोपऱ्याकोपऱ्यात ते बसतात. जितके ठोकळे, तितके लिटर. बाबा हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच! ‘‘म्हणजे तुम्ही कोल्हापूरला विटा नेणार असाल तर ठीक आहे.’’

मग ते वर गेले आणि टेप, कटर, टीव्हीचा रिकामा खोका घेऊन खाली आले. ‘‘आधी गेज बनवायचं. गो आणि नो-गो. एक बसलंच पाहिजे, एक बसता कामा नये. दोघांच्या मधे तुझी बॅग.’’ दोन तास आम्ही पुठ्ठे कापत होतो. फळीची उतरती बाजू, चाकांवरचे फुगवटे, बिजागरी... सगळं मिलिमीटरमध्ये. शेवटी तीन फर्मे तयार झाले. दोन चौकोनी, एक पाचरीसारखा.

हे फर्मे घेऊन आम्ही मेट्रोने पीसीएमसी स्टेशनला उतरलो. आमच्याकडची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, पण बाबांची ही पहिलीच फेरी. समोर वल्लभनगर एसटी स्टॅण्डच्या दिशेने गोण्या, पत्र्याच्या ट्रंका, सुतळीने बांधलेले खोके घेऊन माणसं चालली होती. ‘‘बघ,’’ बाबा म्हणाले, ‘‘एसटी कुणाला माप विचारत नाही.’’ टोमणा होता. पण खिडकीजवळची जागा त्यांनी मला दिली!

पिंपरी कॅम्पात एका गल्लीत बॅगा शिवणारे एक मामा बसतात. फर्मे पाहून ते जाम खूश. ‘‘चाकं नकोत,’’ पहिलंच वाक्य. ‘‘चाकांनी दोन इंच खाल्लेच म्हणून समजा. पुठ्ठा, सळी काही नको. जाड कॅनव्हास, आत अस्तर, झिपला दोन रनर.’’ झिप वरून की बाजूने, यावर दोघांची पाऊण तास चर्चा. मी फक्त चहा आणला. इटलीत मोडेनाचे स्केदोनी फेरारीच्या डिकीच्या मापाच्या चामडी बॅगा बनवतात. आमचं मोडेना कॅम्पात निघालं. कॅनव्हासमध्ये!

आठवड्याने बॅगा आल्या. तीनऐवजी चार. चौथी घडी करून पाचरीच्या तळाशी. ‘‘ही कशाला?’’

‘‘येताना सासूबाई काहीतरी देणारच. त्याला क्लिअरन्स ठेवलाय.’’

खंबाटकीचा घाट, कराड, मग तावडे हॉटेलचा चौक. तिथे बाजूला थांबून बटण दाबलं. छत निमूटपणे आत गेलं, काही अडलं नाही. बायको म्हणाली, ‘‘बाबांना फोन लाव.’’ लावला. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘फळीला घासतंय का?’’

परतताना चौथी बॅग चकल्या, दोन साड्या आणि गुळाच्या ढेपेने टम्म फुगली होती. ती अर्थात फळीखाली गेली नाही. छत बंद ठेवूनच आलो.

तेव्हा मंडळी, टू-सीटर घेणार असाल तर ब्रोशरमधल्या लिटरवर जाऊ नका. आपली बॅग शोरूममध्ये घेऊन जा. छत खाली घ्या, फळी लावा, मगच बॅग ठेवून बघा. नाहीच बसली तर चाकं नसलेली मऊ बॅग शिवून घ्या. एकच लक्षात ठेवा, जाताना डिकी गच्च भरू नका.

घरी पोचल्यावर बाबा खाली आले. डिकी उघडली, बॅगा तपासल्या. मग डावीकडचं दार उघडून बसले आणि सीट मागे-पुढे करू लागले.

‘‘आईला सांग, एकेकाने बसायचं,’’ ते म्हणाले. ‘‘चल, निगडीपर्यंत.’’