कोणत्या गाडीचे?

सांगलीच्या अण्णांची प्रीमियर पद्मिनी १९९२ सालची. २०२२ मध्ये पाच हजार रुपये भरून त्यांनी तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि दोनच महिन्यांत दुसरा गिअर दगा देऊ लागला. स्टिअरिंगलगतचा दांडा ओढावा, गिअर पडल्यासारखा वाटावा आणि चढावर नेमका सुटावा. दर पौर्णिमेला पत्नीसह बाहुबलीच्या दर्शनास जाण्याचा नेम खंडित झाला. मिस्त्रींनी निदान केले, "अण्णा, आतले दात गेलेत. नवा माल मिळायचा नाही. कुर्ल्याहून जुना अख्खाच आणू."

पद्मिनी कुर्ल्यातच तयार होत असे आणि तिचे अवयवही आता कुर्ल्यातच विकले जातात. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांवर आणल्यापासून काळ्यापिवळ्या पद्मिनी भराभर मोडीत निघाल्या होत्या. त्यांचे दरवाजे, बंपर, डिफरन्शियल दुकानांपुढे एकावर एक रचलेले होते. वास्तविक जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे हा अपरिग्रहाला जवळचा व्यवहार. नव्या गाडीचा मोह तरी टळतो.

मिस्त्रींचा दंडक सोपा होता : लोखंड जुने चालेल, रबर आणि ब्रेकचे सामान नवेच घ्यायचे. गिअरबॉक्सचा शाफ्ट हाताने फिरवून ते आवाज ऐकत, प्रत्येक गिअर टाकून पाहत, मग तेलाचे बूच काढून आत बोट घालीत. तेल काळे असले तर हरकत नसे. बोटाला चकचकीत चुरा लागला की तो नग बाजूला.

एका दुकानदाराने इंजिनासह गिअरबॉक्स देऊ केला, तोही निम्म्या भावात. मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड टाकला. क्रमांकाची जागा घासून गुळगुळीत केलेली होती.

"हे कोणत्या गाडीचे?" अण्णांनी विचारले.

"शेठ, इथे माल बघतात, त्याचे गाव विचारत नाहीत."

इंजिन बदलले तर आरसी पुस्तकात नोंद करावी लागते आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे, हे अण्णांना ठाऊक होते. परंतु त्यांना आठवला तो मंदिरातला स्वाध्याय. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'तदाहृतादान' येते, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. आणि 'प्रतिरूपक व्यवहार' येतो, म्हणजे नकली माल अस्सल म्हणून खपवणे. घासलेले इंजिन खाली होते आणि वरच्या फळीवर नामांकित कंपनीच्या हुबेहूब खोक्यांत नकली सामान होते. शाळेत आयुष्य गेलेले अण्णा हे दोष व्यापाऱ्यांपुरतेच आहेत असे आजवर समजत आले होते.

तिसऱ्या दुकानात मोडीत काढलेल्या टॅक्सीचा गिअरबॉक्स मिळाला. टॅक्सीच्या कागदाची प्रत आणि पक्के बिलही मिळाले. साडेतीन हजार रुपये जास्त गेले; मिस्त्री थोडे हळहळले.

परतीच्या प्रवासात मात्र अण्णा गप्प होते. १९९८ साली मुंबईतच त्यांच्या गाडीच्या चारही व्हील कॅप चोरीस गेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी एका हातगाडीवरून त्यांनी तशाच चार विकत घेतल्या. स्वस्त मिळाल्या म्हणून घरी कौतुकही झाले. त्या कोणाच्या, हे त्यांनी विचारले नव्हते. चोवीस वर्षे दर रविवारी ते त्या पुसून लखलखीत ठेवीत होते.

गिअरबॉक्स बसला. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी पान्याने चारही कॅप उचकटून गोणपाटात बांधल्या.

"अहो, चांगल्या होत्या की! काढल्या कशाला?" पत्नीने विचारले.

"आपल्या नाहीत त्या."

"मग द्यायच्या कोणाला?"

याचे उत्तर अण्णांपाशी नव्हते. गोणपाट माळ्यावर गेले. ते अजून तिथेच आहे. उघड्या नटांच्या चाकांनी गाडी बाहुबलीला जाऊन आली. चढावर दुसरा गिअर सुटला नाही.

मिस्त्रींना ती चाके बघवेनात. "अण्णा, चार कॅप आणून देतो, किरकोळ पैशांत."

"बिल मिळेल का?"

मिस्त्री अद्याप शोधात आहेत.